काळ्या घोड्याचा कर्ता: जोसेफ एडगर बोएम

वाटसरू_ठाकूरद्वार (धागाकर्ता):

काळा घोडा म्हटलं की हल्ली लोकांना तिथला महोत्सव आठवतो, नाहीतर २०१७ मध्ये बसवलेला बिनस्वाराचा नवा घोडा. मूळ काळा घोडा १९६५ पासून भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे आणि त्याच्या पाठीवर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड, अजून बसलेला आहे. इथल्या जुन्या मुंबईकरांना हे सांगायला नको. पण तो घडवला कोणी असं विचारलं तर "असेल कोणी इंग्रज" इतकंच उत्तर येतं. म्हणून हा धागा.

जोसेफ एडगर बोएम १८३४ मध्ये व्हिएन्नाला जन्मला. वडील नावाजलेले पदककार, ऑस्ट्रियाच्या शाही टांकसाळीत मोठ्या हुद्द्यावर आणि वर जुन्या कलावस्तूंचे नादिष्ट संग्राहक. मुलाला १८४८ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षीच, लंडनला धाडलं. तिथे तीनेक वर्षं ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांसमोर बसून त्याने हात घोटला. मग इटली, पॅरिस, पुन्हा व्हिएन्ना. १८५६ मध्ये व्हिएन्नात शाही पारितोषिक मिळालं. १८६२ मध्ये गडी कायमचा लंडनला आला आणि १८६५ मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाला.

सुरुवातीला तो मोठे पुतळे करत नव्हता. हातभर उंचीच्या मूर्ती, कधी भाजक्या मातीच्या, कधी ब्राँझच्या: अमुक बाईसाहेब, तमुक लॉर्डचा आवडता घोडा. कादंबरीकार थॅकरेची छोटी मूर्ती गाजली. उमराव मंडळींना हे फार आवडलं, कारण तोवरचे इंग्रज शिल्पकार माणसाला रोमन झगा गुंडाळून संगमरवरात उभा करायचे. बोएमच्या माणसांच्या अंगावर त्यांचेच कपडे असायचे, सुरकुत्यांसकट. एका दिवाणखान्यातून दुसऱ्यात असं करत तो थेट विंडसरला पोचला. राणी व्हिक्टोरियाचा भव्य संगमरवरी पुतळा त्याने १८६९ च्या सुमारास तिथे केला आणि मग दरबाराचं दार कायमचं उघडलं. राणीची मुलगी प्रिन्सेस लुईझ त्याच्या हाताखाली शिल्पकला शिकली. १८८१ मध्ये तो राणीचा अधिकृत शिल्पकार झाला, पुढच्या वर्षी रॉयल अकादमीचा पूर्ण सभासद, १८८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब.

आपल्या घोड्याची गोष्ट या चढणीच्या मधली. प्रिन्स ऑफ वेल्स नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी शहराला पुतळा द्यायचं ठरवलं, काम बोएमकडे गेलं आणि १८७९ मध्ये गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांच्या हस्ते अनावरण झालं. जागा अशी की समोरच डेव्हिड ससून लायब्ररी, म्हणजे देणगीदाराच्या वडिलांचं नाव. ससून मंडळींना जागेची जाण होती!

आता माझं मत. मला बोएमचे राजे-सेनापती फारसे भावत नाहीत. त्याची खरी कमाई म्हणजे बसलेले म्हातारे. दोन सांगतो.

एक, लंडनच्या चेल्सीत नदीकाठी असलेला इतिहासकार-लेखक थॉमस कार्लाइल. कार्लाइल त्याच्यासमोर बसला तेव्हा ऐंशीच्या घरात होता. बोएमने त्याला घरातला ढगळ झगा घालून खुर्चीत बसवलाय. खांदे खाली आलेले, दाढी विस्कटलेली, लिहून लिहून थकलेला माणूस. आणि खुर्चीखाली पुस्तकांची चळत, कोणीतरी नंतर उचलू म्हणून सरकवून ठेवावी तशी. १८८२ मध्ये तो तिथे बसवला, कार्लाइलच्या घरापासून चार पावलांवर.

दुसरा डार्विन. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या जिन्यावर जो पांढराशुभ्र डार्विन पायावर पाय टाकून बसलाय, तो बोएमचाच. त्यासाठी वर्गणी झाली होती. एकट्या स्वीडनमधून २,२९६ लोकांनी पैसे पाठवले, त्यात बिशपपासून शिवणकाम करणाऱ्या बाईपर्यंत सगळे, पाच पौंडांपासून दोन पेन्सांपर्यंत. ९ जून १८८५ ला डार्विनचा खंदा समर्थक शास्त्रज्ञ हक्सली याने भाषण करून पुतळा म्युझियमच्या हवाली केला, आणि विश्वस्तांच्या वतीने तो स्वीकारला कोणी? प्रिन्स ऑफ वेल्सने. म्हणजे आपल्या काळ्या घोड्यावरच्या स्वाराने. डार्विनच्या मरणाला तीनच वर्षं झाली होती आणि ज्या सिद्धांतावरून धर्मपीठं खवळली होती त्याच्या कर्त्याचा पुतळा युवराजाने ताब्यात घेतला, हे मला फार गमतीचं वाटतं.

बोएम १२ डिसेंबर १८९० ला आपल्या लंडनच्या स्टुडिओत अचानक गेला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दफन. म्हणजे मान केवढा! आणि आज नाव काढलं तर लंडनमध्येही लोक "कोण?" म्हणतील. असं का झालं असावं, यावर जाणकारांनी लिहावं.

शेंडेफळ:

मस्त धागा! एक शंका. वासुदेव बळवंतांच्या काळात की चापेकरांच्या, पण ज्या पुतळ्याला डांबर फासलं होतं तो हाच का? आजोबांकडून ऐकलंय.

वाटसरू_ठाकूरद्वार:

@शेंडेफळ, नाही. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासून चपलांची माळ घातली ती व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला. तो मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा, संगमरवरी, खंडेराव गायकवाडांनी दिलेला. तोही आता भायखळ्यालाच आहे, म्हणून सरमिसळ होते.

ओतारी:

वाटसरूशेठ, छान लिहिलंत. दोन गोष्टी धंद्यातल्या म्हणून सांगतो.

पहिली, काळा घोडा काळ्या दगडाचा असल्याचं बऱ्याच ठिकाणी छापून येतं. दगड कुठला? ब्राँझ आहे तो. ब्राँझवर रसायनांनी गडद थर चढवतात, वर मुंबईची हवा. लोकांनी रंग पाहिला आणि नाव ठेवलं. स्वार युवराज असला तरी नाव घोड्याला मिळालं, यात मला तरी शिल्पकाराची चूक दिसत नाही. बोएमचा घोड्यावर हात होताच.

दुसरी, एवढा घोडा "घडवला" म्हणजे काय केलं ते लोकांना कळत नाही. आधी हातभर उंचीचं मॉडेल, ते खास शिल्पकाराच्या हातचं. मग लोखंडी सांगाड्यावर मोठ्या आकारात माती. घोड्याचं पोट हा सगळ्यात वाईट भाग: टनावारी ओली माती चार बारीक पायांवर तोलायची, रोज ओल्या फडक्यांनी झाकायची, नाहीतर सकाळी येऊन पाहावं तर पोट खाली. मग त्यावर प्लास्टरचा तुकड्यातुकड्यांचा साचा, त्यातून प्लास्टरची प्रत, ती ओतशाळेत. त्या काळात इंग्लंडमध्ये मोठी कामं बहुतेक रेतीच्या साच्यातच ओतत. मेण वितळवून ओतायची पद्धत, आपल्याकडच्या ओतारी-तांबटांना शतकानुशतकं माहीत असलेली, तिथे शिल्पकारांनी पुन्हा उचलली ती १८८० च्या दशकात. त्यात पुढाकार आल्फ्रेड गिल्बर्टचा, आणि गिल्बर्ट तरुणपणी बोएमच्याच स्टुडिओत राबलेला. तर रेतीच्या साच्यात घोडा सलग निघत नाही. धड वेगळं, पाय वेगळे, मान वेगळी, शेपूट वेगळी. मग जोड बसवायचे, छिन्नी-कानशीने सांधे असे मारायचे की बघणाऱ्याला दिसू नयेत. एवढ्या सगळ्यात शिल्पकाराचा स्वतःचा हात किती टक्के, याचा हिशेब करू नये. केला तर आमच्या धंद्यातल्या कोणालाच झोप येणार नाही.

टेम्स_काठची_माई:

ओतारींच्या शेवटच्या वाक्यातच तुमच्या "असं का झालं" चं उत्तर आहे असं मला वाटतं. बोएमचा स्टुडिओ म्हणजे कारखाना होता. ऑर्डरी इतक्या की एकट्याने उरकणं अशक्य. एदुआर लांतेरी नावाचा फ्रेंच शिल्पकार १८७२ पासून बोएम मरेपर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, त्याच्याकडे सहायक होता, आणि बोएमच्या नावावरच्या कितीतरी कामांत त्याचा मोठा हात आहे. हाच लांतेरी पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा प्राध्यापक झाला आणि त्याने एक अख्खी पिढी शिकवली. एका पुतळ्याच्या प्रतीही निघायच्या: ड्रेक टॅव्हिस्टॉकला १८८३ मध्ये, लगेच पुढच्या वर्षी तोच प्लिमथला. कार्लाइल तर बोएम जाऊन एकोणचाळीस वर्षं झाल्यावर, १९२९ मध्ये, त्याच्या जन्मगावी एकलफेकनला पुन्हा बसला.

मी लंडनलाच असते, हाइड पार्क कॉर्नरचा त्याचा वेलिंग्टन, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक, जाता-येता दिसतो. १८८८ चा. ड्यूक त्याच्या कोपनहेगन घोड्यावर आणि चार कोपऱ्यांना चार पलटणींचे चार शिपाई: इंग्रज ग्रेनेडियर, स्कॉटिश हायलँडर, वेल्श फ्युझिलियर, आयरिश ड्रॅगून. म्हणजे चारही प्रांतांना खूश ठेवलं! ड्यूकसाहेब कंटाळलेले दिसतात. शिपाई मात्र बघत राहावे असे आहेत. एकेकाचं बटण, पट्टा, बंदुकीवरची मूठ, सगळं जिथल्या तिथे. याआधी तिथल्या कमानीवर वायटने केलेला वेलिंग्टनचा अवाढव्य पुतळा होता. तो इतका बेढब दिसायचा की वर्षानुवर्षं सगळं लंडन हसत होतं. शेवटी तो आल्डरशॉटच्या छावणीत पाठवला. त्यामुळे बोएमला बहुतेक तंबी असणार: पुन्हा हसू होता कामा नये. हसू झालं नाही, पण जीवही आला नाही.

जालनेकर:

कोपनहेगन वॉटर्लूचा घोडा. पण हेच ड्यूक, तेव्हाचे वेलस्लीसाहेब, १८०३ मध्ये आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढले. लंडनच्या त्या चौथऱ्यापाशी हे आठवणारा मराठी माणूस विरळाच. बाकी चालू द्या.

खवट_काका:

सगळं वाचलं. माझा प्रश्न सरळ आहे: साहेबांच्या दरबारी भाटाचं एवढं कौतुक कशाला? राणी, युवराज, व्हाइसरॉय, सेनापती, जो पैसे देईल त्याचा पुतळा. लाहोरच्या जॉन लॉरेन्सच्या, म्हणजे पंजाबचा कारभार पाहून पुढे व्हाइसरॉय झालेल्या साहेबाच्या, पुतळ्याबद्दल कोणी बोलेल का? एका हातात लेखणी, एका हातात तलवार आणि खाली विचारलेलं की तुम्हाला राज्य लेखणीचं हवं की तलवारीचं. हा असला उर्मटपणा ज्याने घडवला, त्याच्या "बसलेल्या म्हाताऱ्यांचं" मला काय?

वाटसरू_ठाकूरद्वार:

@खवट_काका, लॉरेन्सचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी टाळायला नको होता असं कोणी म्हणायच्या आत लिहितो. तो पुतळा बोएमचाच. मुळात लंडनच्या वॉटर्लू प्लेससाठी केलेला, तिथे तो पटला नाही, बोएमने दुसरा करून दिला आणि पहिला लाहोरला गेला. लंडनला नको झालेला माल वसाहतीला. तिथल्या लोकांना ती ओळ झोंबली, विसाच्या दशकात त्यावरून मोठं आंदोलन झालं आणि मजकूर बदलावा लागला. आता तो पुतळा उत्तर आयर्लंडमध्ये डेरीच्या फॉइल कॉलेजात आहे, लॉरेन्स ज्या शाळेत शिकला तिथे. आपल्या काळ्या घोड्यासारखंच, मूळ चौकातून उठवलेला.

पण "भाट" म्हणून निकाल लावता येत नाही एवढंच माझं म्हणणं. भाटाला कार्लाइल तसा दाखवायचा धीर होत नाही. कार्लाइल त्या काळी इंग्लंडातला केवढा मोठा माणूस! त्याला ऋषी म्हणून उंच चौथऱ्यावर बोट दाखवत उभा करणं सोपं होतं आणि पैसेही तेवढेच मिळाले असते. त्याऐवजी दमलेला आजोबा. हीच नजर त्याने राणीवर वापरली तेव्हा काय झालं ते नाण्यांवाल्या मंडळींनी सांगावं.

नाणेनिधी:

हाक मारलीत, आलो.

१८८७ मध्ये राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. तोवर ब्रिटिश नाण्यांवर राणीचा तरुणपणाचा मुखडाच चालू होता. नवा मुखडा करायचं काम बोएमला मिळालं. टांकसाळीतल्या माणसाचा मुलगा, म्हणजे घरचंच काम म्हणा. त्याने राणी आहे तशी दाखवली: अडुसष्ट वर्षांची, गालाखाली मांस लोंबलेलं, डोक्यावर पदर आणि त्यावर एक इवलासा मुकुट. मुकुट खरोखरचा होता, राणी तसलाच छोटा घालायची. पण नाण्यावर तो असा दिसला की आता मान हलवली तर पडेल. लोकांनी यथेच्छ टर उडवली. बोएमची आद्याक्षरं खांद्याच्या कडेला आहेत, म्हणजे दोष कोणाचा हे शोधायलाही नको.

वर सहा पेन्सांच्या नाण्याची भानगड. त्याच्या मागच्या बाजूला ढालीचं चिन्ह होतं, किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. अर्ध्या सॉव्हरिनच्या सोन्याच्या नाण्यावरही तशीच ढाल, आकारही तोच. बस्स. भुरट्यांनी चांदीच्या सहा पेन्सांवर सोन्याचं पाणी चढवलं आणि दहा शिलिंगांचं म्हणून खपवायला लागले. सहा पेन्सांचे एकशेवीस पेन्स! त्याच वर्षी ते नाणं मागे घेऊन "सिक्स पेन्स" लिहिलेलं जुनं डिझाइन आणावं लागलं. न्यायाने सांगायचं तर मागची बाजू बोएमची नव्हती, त्याचा फक्त मुखडा. पण बोलणी सगळ्या नाण्याला बसली. १८९३ मध्ये तो मुखडाच बदलला.

जाता जाता: आजीच्या डब्यातले व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये काढून इथे फोटो टाकू नका. आपल्या रुपयावर बोएमची राणी कधी आलीच नाही. इथे १९०१ पर्यंत जुनाच मुकुटधारी तरुण मुखडा चालला.

टेम्स_काठची_माई:

नाणेनिधी, १८९३ चा नवा मुखडा कोणी केला ते सांगितलंच नाहीत! थॉमस ब्रॉक. आणि आता ऐका. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जिन्यावरून डार्विनला १९२७ मध्ये हटवलं आणि त्याच्या जागी रिचर्ड ओवेनचा पुतळा आणला. ओवेन म्हणजे त्या म्युझियमचा खरा पाठपुरावा करणारा आणि डार्विनचा कट्टर विरोधक. तो पुतळा कोणाचा? ब्रॉकचा. नाण्यावरून बोएम गेला, ब्रॉक आला. जिन्यावरून बोएम गेला, ब्रॉक आला. डार्विनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली त्या निमित्ताने, २००९ च्या सुमारास, डार्विन पुन्हा जिन्यावर आला आणि ओवेनसाहेब बाजूला. एक तरी सामना बोएमने जिंकला.

शेंडेफळ:

हे भारी आहे!! माई, त्या प्रिन्सेस लुईझबद्दल काहीतरी कुजबुज वाचल्यासारखी वाटते. तो मेला तेव्हा ती तिथेच होती म्हणे?

टेम्स_काठची_माई:

होती. त्या वेळी बाहेर आलेली बातमी अशी की ती स्टुडिओत भेटायला आली आणि तो मेलेला आढळला. गिल्बर्टचंही नाव त्या प्रसंगात येतं. विवाहित राजकन्या, विवाहित शिल्पकार, बंद स्टुडिओ, त्यामुळे लोकांनी काय काय रचलं ते विचारू नका, अजून पुस्तकं निघतात. खरं-खोटं ठरवणारं काही हाती नाही, तेव्हा इथे चघळण्यात अर्थ नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की लुईझ नुसती हौशी राजकन्या नव्हती. केन्सिंग्टन पॅलेसबाहेर तिने केलेला आईचा, म्हणजे व्हिक्टोरियाचा, संगमरवरी पुतळा आहे, १८९३ चा. बोएमचं शिक्षण त्यात दिसतं.

ओतारी:

गुरू म्हणून तो उजवाच होता. गिल्बर्टला पॅरिसला जाऊन शीक असा सल्ला त्यानेच दिला. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला तो पंखांचा मुलगा, ज्याला सगळे इरॉस म्हणतात, ते शाफ्ट्सबरी स्मारकाचं काम आधी बोएमकडे आलं होतं. त्याने ते गिल्बर्टकडे सरकवलं. १८९३ मध्ये गिल्बर्टने ती आकृती ॲल्युमिनियममध्ये ओतली, तेव्हा कोणी विचारही केला नव्हता असला प्रकार. हातात आलेलं एवढं काम धाकट्याला देणारा शिल्पकार मी तरी आमच्या गल्लीत पाहिला नाही.

खवट_काका:

ठीक आहे. भाट शब्द अर्धा मागे. नाण्यावर राणीचा गाल लोंबता दाखवणारा भाट नसावा, किंवा फारच वाईट भाट असावा. पण काळ्या घोड्याबद्दल तुमचं मत काय ते राहिलं. युवराज कसा दिसतो त्यावर?

वाटसरू_ठाकूरद्वार:

सांगतो. युवराज कसाच दिसत नाही. गणवेष आहे, ताठ बैठक आहे, चेहरा कोणत्याही गोऱ्या अधिकाऱ्याचा चालेल. घोड्याकडे मात्र बाजूने, मानेच्या उंचीपासून खाली बघत या. मानेचे स्नायू, छाती, पुढच्या पायांचे सांधे, सगळं पाहून केलेलं आहे, पुस्तकातून नाही. चौथऱ्याच्या बाजूंना युवराजाच्या मुंबईभेटीचे उठावचित्रांचे फलक होते, त्याबद्दलही कोणी जवळून पाहिलेलं असेल तर लिहा.

आणि शेंडेफळ, तू व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंस म्हणून इथेच: ससून लायब्ररीच्या आतला डेव्हिड ससून यांचा पुतळा बोएमचा नव्हे, टॉमस वुल्नरचा. तो माणूस शिल्पकला परवडेना म्हणून १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियाला सोनं शोधायला गेला होता. त्याचा धागा वेगळा काढायला हवा. माझ्याच्याने लगेच होणार नाही, माई किंवा ओतारींनी घ्यावा.

ओतारी:

माईंनी घ्यावा. मी गणपती झाल्यावर मोकळा.